मेलेल्या पुड्या

वहिनीनं सोयाबीनचं एक रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि तोंड वाकडं केलं. मुळं धुवून काढल्यासारखी साफ. पानं कावीळ झाल्यागत पिवळी.

“मुळं तर छान दिसतात गं,” शेजारीण म्हणाली.

“छान कसली? गाठी पाहिजेत मुळांना. गाठीत जिवाणू राहतात, ते पिकाला पोसतात. आपल्या मातीत हे पीक पहिल्यांदाच, म्हणून तर बियाण्याला जिवाणू चोळले आपण.”

चोळले होते सगळ्यांनीच. तिनंच दारोदार सांगितलं होतं, जिवाणूंच्या पुड्या माझ्या दिराच्या दुकानातून घ्या, घरचा माणूस आहे.

ती तशीच मातीच्या पायांनी दुकानात गेली. मागच्या पत्र्याच्या खोलीत भट्टीसारखी धग होती. उरलेल्या पुड्या तिथंच रचलेल्या. तिनं एक फोडली. आत काळा चिकट लगदा, मेलेल्या उंदरासारखा वास. बोटांना लागला तो तिनं पत्र्याला खसाखसा पुसला.

“उन्हाळाभर इथंच होत्या?”

दीर खुर्चीत चहा पीत होता. “मग कुठं ठेवू? फ्रीजमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या असतात.”

“उष्णतेनं मरतात हे. तुला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं. पण वहिनी, डोळ्यांना न दिसणारा जीव. जगला काय, मेला काय, कोण बघतंय? पावसावर ढकलायचं. तुम्हाला लोक मानतात, तुम्हीच सांगा तसं.”

तो फुर्रकन चहा ओढत होता. तिला त्या लगद्यापेक्षा त्याच्या ओठांची जास्त शिसारी आली.

नळावर बायका जमल्या होत्या. तिनं सरळ सांगितलं, “पुड्या मेलेल्या होत्या. त्याला माहीत होतं. मी न बघता तुम्हाला घ्यायला लावल्या. आता युरिया टाका, थोडंफार तरी हाती लागेल.”

एक म्हातारी तिच्या पायाजवळ थुंकली. वहिनी बाजूला सरली नाही.

संध्याकाळी दीर हात धुऊन जेवायला बसला.

“वाढ त्याला,” सासू म्हणाली.

“तुम्ही वाढा. त्याच्या ताटाजवळ गेलं की मला मळमळतं.” आणि तिनं सगळं सांगितलं.

सासूनं ऐकून घेतलं. तिच्याही शेताच्या तुकड्यात त्याच पुडीचं बियाणं पेरलेलं होतं. ती भात वाढायला वाकली होती, ती थांबली. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

“घे तुझ्या हातानं,” ती म्हणाली आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.