बांधलेलं बोट

एका गोऱ्या साहेबाने बदली झाल्यावर आपला पियानो मुलींच्या शाळेला देऊन टाकला आणि तो वाजवायचं काम सगुणाबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांना बाजाची पेटी थोडीफार येत असे, एवढंच निमित्त. "मोठी पेटीच ती," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

शिकवायला मांडवीचे पेद्रू मास्तर. मूळचे गोव्याचे, आगबोटींवर साहेबांपुढे पियानो वाजवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. घरात पियानो होता, आणि शिस्त त्याहून जड. पहिल्याच दिवशी त्यांनी बोटांना आकडे दिले. अंगठा एक, करंगळी पाच.

"एक, दोन, तीन, मग अंगठा खालून काढायचा. पुन्हा एकपासून पाच. सूर आठ, बोटं पाच. अंगठा वळला नाही तर मधेच बोटं संपतात, बाय!"

महिन्याभरात अंगठा वळू लागला. अडलं ते चौथ्या बोटाशी. "चार! चार कुठे गेला?" मास्तर रोज ओरडत. शेवटी सगुणाबाईंनी उजवा हात त्यांच्यापुढे धरला. लहानपणी फणस फोडताना कोयता लागून त्यांची अनामिका आखडली होती.

"हे बोट हलत नाही, मास्तर. आधी सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलंच नसतं."

मास्तरांनी ते बोट बराच वेळ निरखलं आणि पियानोचं झाकण लावलं. "आठ दिवस येऊ नका."

संपलंच म्हणायचं, असं मनाशी धरून सगुणाबाई नवव्या दिवशी मास्तरांचं पुस्तक परत करायला गेल्या. आतून सूर येत होते, पण अडखळत, नवशिक्यासारखे. दार मास्तरांच्या बायकोने, रोझाबायने उघडलं. आत पाहतात तर पियानोवर स्वतः मास्तर, आणि त्यांचं चौथं बोट चिंधीने तळहाताशी आवळलेलं.

"अगो बाई! काय लागलं?"

"कसलं लागतंय!" रोझाबाय म्हणाली. "आठ दिवस स्वतःच बांधून बसलाय. जेवताना भात सांडतो, पण सोडत नाही."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "बसा. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मग अंगठा आणखी एकदा खालून. एक, दोन. झाले आठ. पुस्तकात असं नाही. नसू दे."

सगुणाबाईंनी वाजवून पाहिलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आठही सूर एका ओळीत उतरले, आणि त्यांना पुढचं काही दिसेना.

"रडायला काय झालं? कोपर वर आहे तुमचं," मास्तर खेकसले.

शाळेच्या संमेलनात सगुणाबाईंनी मुलींच्या गाण्यांना साथ केली. मास्तर पहिल्या रांगेत होते. गाणी कशी झाली, हे त्यांना नंतर सांगता येईना. तासभर ते फक्त बाईंचा अंगठा बघत होते.