दहाच्या फोनचं निरंक

तं झालं असं, इंद्रभान चौऱ्याहत्तर साली सावळदरीच्या पोस्टात नवाच लागला होता. पोस्ट म्हंजे काय, एक खोली, एक टेबल, भिंतीवर घड्याळ अन एक फोन. तार गावात थेट येत नव्हती, वाशीमले यायची. इंद्रभाननं सकाळी दहाले न दुपारी चारले हँडल फिरवायचं, "आमचं काही हाय काय?" म्हनून विचारायचं. असलं तं उतरून घ्यायचं, नसलं तं वहीत लिवायचं, निरंक. त्याच लाइनीवर रिठद गावचे पोस्टवाले होते, त्यायचा टाइम दहा वीस न चार वीस.

अन दहा वाजले का बेबीताई दारात. तिची पोरगी भागिरथा अकोल्याले बाळंतपणाले. पहिलं लेकरू दगावलेलं, म्हनून मायच्या जिवाले घोर. मोकळी झाली का तार करतो, असं जावई म्हनला होता. दिवस भरून वर आठ झाले.

"आली काय रे?"

"निरंक, मावशी."

तिसऱ्या दिवशी ती पायरीवरच बसली. "वाशीमवाला काय म्हनला, त्याच्या तोंडचं सांग."

"काहीच म्हनला नाही. नुसती गुनगुन आली."

"मंग निरंक कोनं म्हनलं?"

इंद्रभाननं म्हाताऱ्या पोस्टमनकडं पाह्यलं. ग्यानबा टपालावर शिक्के मारून राह्यला होता. "असती तं बोलला असता," ग्यानबा म्हनला. "आमी असंच लिवतो."

"तुह्या दारात म्या आवाज देला न तू बोलला नाही, तं तू मेला काय ग्यानबा?"

ग्यानबाचा शिक्का वरच राह्यला. इंद्रभाननं पुन्हा फोन कानाले लावला, पार दाबून. गुनगुनीत बारीक आवाज होता. रिठदवाला तार लिवून घेऊन राह्यला होता. आता? घड्याळात तं दहाच वाजले होते.

"काका, हे घड्याळ कशावरून लावता?"

"नवाच्या गाडीवरून. यष्टी आली का काटा नवावर. वीस वर्स झाले."

"ते गाडी दिवाळीपासून नऊ वीसले येते," बेबीताई म्हनली. "भागिरथेले म्याच बसवून देलं तिच्यात."

म्हंजे हे रोज रिठदच्या टायमाले विचारत होते, लाइन भरलेली, अन लिवत होते निरंक.

रिठदवाला थांबला तसं इंद्रभाननं हँडल फिरवलं. पलीकडून वाशीमवाला खेकसला, "कुठं मेले होते लेकहो? परवापासून तार पडून हाय, आता डाकेत टाकत होतो."

पोरगी झाली. दोघी बऱ्या. या.

बेबीताईनं ते दोनदा वाचाले लावलं. मंग हळूच म्हनली, "परवा? दोन दिवसांपासून म्या तिले गेलेली धरून बसली, बाप्पा." शिवी नाही, काही नाही. पदर खोसला न दुपारच्या गाडीची पिशवी भराले गेली.

इंद्रभाननं वही उघडली, परवापासूनचं निरंक खोडून वर लिवलं, उत्तर नाही. मंग मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. तिथून मागं सारं ग्यानबाचं अक्षर.

"काका, दिवाळीनंतर कोनाची तार डाकेनं आली, उशिरानं?"

ग्यानबा बोलला नाही. इंद्रभान पेन्सिल हातात धरून थांबला, लय वेळ.

"धनीबाईची," ग्यानबा म्हनला. "भाऊ गेला होता तिचा."