डावा दिवा, उजवा दिवा

न्हावऱ्याच्या पोपटरावांना म्हातारं म्हटलेलं खपायचं नाही. बायकोच्या, धुरपदाबाईंच्या, किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातनं दोनदा तिला आपल्या गाडीतनं दौंडला डायलिसिसला न्यायचं, ते ह्यांनीच. घरात तिसरं माणूस नाही. शेजारी बसून ती सारखी बोलायची, पुढं खड्डा हाय, सायकलवाला हाय. हे खेकसायचे, "गप की! मला डोळं हायेत."

मागच्या फेरीला अंधारात परतताना थकून तिचा डोळा लागला, आन् नेमकी उसाची ट्रॉली पार नाकासमोर आल्यावर ह्यांना दिसली. कचकन ब्रेक लागला म्हणून दोघं वाचली. दोष कुणाचा? तर गाडीच्या दिव्यातल्या बल्बचा! बल्ब बिचारा काय बोलणार.

म्हणून आज दिवेलागणीला गाडी जालिंदरच्या दुकानी आणली. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. त्यानं एका दिव्यात नवा, जास्त उजेडाचा हॅलोजन बसवला, दुसऱ्यात जुनाच ठेवला, आन् दोन्ही उजेड भिंतीवर पाडले.

"सांगा आप्पा, नवा कंचा?"

पोपटरावांनी डोळे बारीक केले. दोन्हीकडं सारखंच पिवळं धुकं.

"उजवा," ते ठासून म्हणाले. "फरक लख्ख हाय की!"

जालिंदरनं धुरपदाबाईंकडं बघितलं. गाडीत बसलेल्या धुरपदाबाई घाईनं म्हणाल्या, "व्हय व्हय, उजवाच."

भाजीतल्या मिठावरसुद्धा चाळीस वर्षांत ह्यांच्याशी एकमत न झालेली बाई ती! पोपटराव काय ते समजले.

"खरं सांग, जालिंदर."

"नवा डावा हाय, आप्पा. उजवा पार काळवंडलाय. मोतीबिंदू असंल, डोळं दाखवून घ्या."

"आन् तवर हिला कोण नेणार रं?" त्यांचा आवाज फाटला. फेरी चुकली तर ती जगायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी हाय की. परवा दौंडला मीच येतो. तुमचं डोळंबी तिथंच दाखवू. आत्ता घरीबी मीच सोडतो, आणा चावी."

त्यांनी चावी काढून दिली. पोपटराव पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले.

गाडी रस्त्याला लागली तशा धुरपदाबाई सवयीनं बोलू लागल्या, "म्होरं ट्राली हाय. दमानं. आता खड्डा."

"दिसतंय काकी मला," जालिंदर हसला. त्या ओशाळून गप्प बसल्या.

पोपटरावांना मागची फेरी आठवली. तिचा डोळा लागला होता, ती फेरी.

"बोलू दे रं तिला," ते कसंबसं म्हणाले.