धबधब्याआधीचा उतार

ताईचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. आठला निघायचं ठरलेलं, आणि साडेआठ झाले तरी तिचा धाकटा भाऊ दुकानासमोर भाड्याच्या सायकली ओळीने लावून फोटो काढत होता. बत्तीस वर्षांचा घोडा, पण हातात फोन आला की याला जगाचं भान राहत नाही. धबधबा बघायला आलेले पाहुणे सहा. त्यात ऐनवेळी आईने हट्ट धरला, माझा गुडघा आता बरा आहे, मीही येणार. ताई एका पाहुणीच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होती, तेवढ्यात धाकट्याने आईला सायकल काढून दिलीसुद्धा.

दुकानात नियम एकच, आणि तो ताईचा. ज्या सायकलीचं काम बाकी असेल तिच्या हँडलला लाल चिंधी बांधायची. ती सोडायची फक्त ताईने, स्वतः सायकल चालवून पाहिल्यावर.

जंगलातली वाट चार किलोमीटरची. मुळं, चिखल, पाचोळा, पण बहुतेक सपाट. ताई पुढे, धाकटा सगळ्यांच्या मागे. शेवटी मात्र वाट एकदम खाली उतरते ती थेट धबधब्याच्या खडकांवर. उताराच्या तोंडाशी ताईने उतरून हात वर केला. पाहुणे थांबले. आई जमिनीला पाय घासत पुढेच आली.

"अगं, दाबतेय मी ब्रेक, पण ही बया ऐकतच नाही!" आई हसत होती.

ताईने सायकलीकडे पाहिलं. निळी. मागच्या ब्रेकचं तेल गळतंय, पुढचे पॅड झिजून संपलेत, म्हणून काल संध्याकाळी तिनेच निळीला चिंधी बांधली होती.

हातातली सायकल टाकून ती धावली आणि आईला सायकलीसकट बाजूच्या झुडपात लोटलं.

"लाज नाही वाटत? चारचौघांत आईला ढकलतेस?" आई कडाडली. तिचं कोपर चांगलंच खरचटलं होतं.

ताईने निळीचा ब्रेक दाबून दाखवला. तो सरळ मुठीला जाऊन टेकला. धाकटा धापा टाकत येऊन उभा राहिला होता.

"चिंधी कुणी सोडली?"

"फोटोत घाण दिसत होती गं. परत बांधणार होतो. विसरलो."

"विसरलास? खाली खडक आहेत, खडक! आई त्यावर आपटली असती, मग कुणाला सांगणार होतास विसरलो म्हणून?"

पाहुणे माना खाली घालून उभे होते. ताईला कुणाचीच पर्वा नव्हती. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पुरे झालं!" आई म्हणाली. "किती बोलशील पोराला? बघ, कसा घाबरलाय. आधी त्याला पाणी दे."

हे वाक्य ताई लहानपणापासून ऐकत आली होती. चूक त्याची, पाणीही त्यालाच. आणि पाणी आणायचं ताईने. भावावर आला नव्हता एवढा संताप तिला आता आईवर आला. डोळे भरून आले, त्याचाही राग आला. तिने पाठपिशवीतून मलमपट्टीचा डबा काढला आणि आईसमोर गुडघे टेकले.

"त्याचं पाणी त्याच्या पाठीवर आहे, आई. तो घेईल. तू कोपर इकडे कर."