अश्विनीचा एक टन

पिंपळवंडीच्या त्या घरात एसी आला तो अश्विनीच्या शब्दावर. म्हणूनच तो थंड करीना, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

नणंद निर्मला बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलं होतं. दुकानात नवरा ऋषी दोन टनाच्या एसीवर अडून बसला. ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर बघायचा, तसाच त्याचा हिशेब. अश्विनीही हटेना. खोली ती केवढी, तिला एक टन रग्गड झाला. पाच स्टारचा घ्या, इन्व्हर्टरचा घ्या, वीज कमी खाईल. बाहेरचं युनिट घरामागे सावलीत बसवून घेतलं, तेही तिनंच. सासरे सोपानराव एवढंच म्हणाले, "बघू सूनबाईचं यंत्र."

पहिला आठवडा खोली गारेगार. बाळ झोपलं, निर्मला झोपली, ऋषीसुद्धा काहीतरी निमित्त काढून दुपारचा तिथंच लवंडायला लागला. मग एसीनं मान टाकली. सकाळी ठीक चालायचा, पण जेवणं उरकली की नुसता पंख्यासारखा वारा. बाळानं पुन्हा घर डोक्यावर घेतलं.

"मी काय म्हणत व्हतो?" ऋषी म्हणाला. "लहान पडला. उद्या आळेफाट्याला जाऊन बदलूनच आणतो."

सोपानरावांनी मान डोलावली. अश्विनीला ते फार लागलं. या घरात पहिल्यांदाच तिच्या मतानं काही झालं होतं, आणि उद्यानंतर चहाची पत्ती कुठली आणायची हेसुद्धा तिला कुणी विचारलं नसतं. तिची बाजू घेतली ती एकट्या सासूबाईंनी. नव्या वस्तूला नाक मुरडण्यात ठमाबाईंचा हात कुणी धरत नसे, पण या वेळी त्या म्हणाल्या, "त्याला नावं ठिवू नका. लई गुणाचं यंत्र हाय."

अश्विनीनं जाळी काढून धुतली, वाळवून परत बसवली. दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली, पडदे ओढले. फरक काही पडला नाही. राहता राहिलं बाहेरचं युनिट. भर दुपारी ती घरामागे गेली आणि बघतच राहिली.

युनिटला खेटून बाज, बाजेवर धोतर, धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. धूळ बसू नये म्हणून युनिटासकट सगळ्याला जुनं लुगडं गुंडाळलेलं. शेजारी शेवग्याखाली ठमाबाई पाय पसरून बसलेल्या.

"बस की गं," त्या म्हणाल्या. "गच्चीवर उन्हात राखण करून जीव जायचा. हितं सावली बी हाय, वारं बी हाय, अन् कावळा फिरकत न्हाई."

अश्विनीला हसू आवरेना. "आई, त्यानं बाहेर टाकलेली गरम हवा लुगड्यात अडकते आणि परत त्याच्याच नाकात जाते. गुदमरलाय तो."

ठमाबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी बाळाला मीच उकडवलं?"

त्यांचे डोळे भरून आले, तशी अश्विनीला भारी माया वाटली. "कुणाला सांगत नाही मी," ती म्हणाली. दोघींनी लुगडं सोडलं, बाज लांब ओढली.

संध्याकाळपर्यंत खोली गार झाली, बाळ झोपलं. पण ऋषीचं समाधान होईना. "आज चालला, उद्या पुन्हा बसंल. मी बदलणारच."

शब्द दिला होता, म्हणून अश्विनी गप्प राहिली. पोळ्या लाटत तिनं डोळे पुसले, तेव्हा शेजारी ठमाबाई तळत होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं, गॅस बंद केला आणि ताट नेऊन मुलापुढं ठेवलं.

"खा कुरडया," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोच्या यंत्रावर वाळवल्यात. मीच लुगडं बांधून त्याचं नाक दाबलं व्हतं. ती बोलली न्हाई, म्हणून मी बोलते."

ऋषीनं हातातली कुरडई तशीच धरून ठेवली. सोपानरावांनी मात्र एक उचलली, सावकाश चावून संपवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"सूनबाई, विहिरीवरची मोटर बदलायचीय. तिला बी स्टार असत्यात का गं?"