मागच्या खोलीतली हवा

मी बोलतोय खरा, पण बोलायची मला सवय नाही. सवय आहे ती मोजायची. दर पाच मिनिटांनी मी खोलीतल्या हवेची उष्णता, दमटपणा, कार्बन डायऑक्साइड आणि रंग-गोंदाच्या वाफा मोजतो आणि पोटात साठवून ठेवतो. कुणी पाहो न पाहो. साबणाच्या वडीएवढं माझं अंग, त्यावर नखाएवढा पडदा आणि पडद्यावर मुंगीएवढे आकडे. कागदोपत्री मी डेटा लॉगर. घरात मला ‘डबी’ म्हणतात, आणि तेच मला जास्त आवडतं.

कारखान्यात एका बाईने चिमट्याने माझे अवयव बसवले. मग मला काचेच्या पेटीत ठेवून मोजून-मापून हवा सोडली आणि मी काय सांगतो ते पाहिलं. मी पास झालो. पण सोबतच्या कागदावर छापून आलं, ‘पन्नासपर्यंत इकडे-तिकडे चूक संभवते.’ तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. प्रत्येक आकडा नोंदताना वाटतं, बरोबर असेल ना हा?

माझी पहिली नेमणूक एका कचेरीतल्या बैठकीच्या खोलीत झाली. चौदा माणसं, दार बंद, खिडक्या बंद. साहेब बोलायला उभे राहिले की तासाभरात माझा कार्बन डायऑक्साइडचा आकडा सहाशेवरून दोन हजारांवर जायचा आणि माणसं जांभया द्यायची. साहेबांना वाटायचं, यांना कामात रस नाही. माणसांना वाटायचं, साहेब रटाळ आहेत. खरं तर सगळ्यांनी मिळून खोलीतली ताजी हवा संपवलेली असायची. साहेब थोडे रटाळही असतील, पण ते मोजायची सोय माझ्यात नाही.

मला तिथे ठेवणारी इंजिनिअर बाई. इमारतींमधली हवा तपासणं हाच तिचा व्यवसाय. काम संपल्यावर तिने मला खणात टाकलं आणि विसरली. वर्षभर मी तुटक्या पेनांच्या शेजारी पडून होतो. बॅटरीचे सेल संपले, घड्याळ थांबलं. एके दिवशी खण उघडला, नवे सेल पडले आणि मी एकदम तिच्या माहेरी पोचलो.

तिला चार महिन्यांसाठी दुसऱ्या गावी मोठं काम मिळालं होतं. सहा वर्षांची मुलगी, घरातलं नाव भिंगरी, तेवढे दिवस आजी-आजोबांकडे राहणार होती. अडचण एकच. भिंगरीला दमा होता, आणि तिच्यासाठी जी मागची खोली होती तिथे आजोबांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. भिंतींतही चिकटवायची खळ मुरली असेल, अशी इंजिनिअर बाईला धास्ती.

“बाबा, आठ दिवस ही डबी इथे राहू द्या. वाफा नकोत, ओल नको, आणि हा कार्बन डायऑक्साइडचा मोठा आकडा हजाराच्या आत हवा. जमलं तर भिंगरी येईल. नाही जमलं तर मी कामाला नाही म्हणून कळवते.”

“जमेल गं,” आजोबा म्हणाले. पण त्यांचा आवाज म्हणत होता, कसं जमणार?

त्यांनी जिवाचं रान केलं. उरलासुरला गोंद, कातड्याचे तुकडे, रद्दी, सगळं बाहेर काढलं. भिंती घासल्या. खिडकीची गंजलेली कडी तेल घालून सोडवली. वाफांचा आकडा दोन दिवसांत खाली आला. ओलही गेली. मोठा आकडा मात्र ऐकेना. आजोबा पाहायला आले की अठराशे. पुन्हा आले, दोन हजार.

आणि ते येत तरी किती वेळा! चहा झाला की, पेपर वाचला की, आंघोळ झाली की. त्यांना जवळचं धड दिसत नसे आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नसे. म्हणून माझ्या पडद्याला नाक लावून ते वाचत बसायचे. शेवटी “अरे देवा” म्हणून लांब सुस्कारा सोडायचे.

आजीला लांबचं स्वच्छ दिसे. ती दारातूनच वाचायची.

“अहो, सहाशे तर आहे!”

“तू तारीख वाचत असशील.”

“तारीख सहाशे असते का? काहीतरीच!”

“मी जवळून बघतो, अगं. तू तिकडून अंदाज करतेस.”

दोघांची रोज जुंपायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हवा किती वाईट आहे ते मला कळतं, कुठून आली ते कळत नाही. वाटायचं, खणातल्या वर्षभरात माझंच डोकं बिघडलं. त्या कागदावर पन्नासची चूक लिहिली होती, ही तर हजाराची!

सातव्या दिवशी आजोबांनी फोन केला. “नको आणूस तिला. मी सगळं करून पाहिलं. खोलीच वाईट आहे.” फोन ठेवून ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई आली ती मला परत न्यायलाच. पण सवयीने तिने मला वायरने आपल्या लॅपटॉपला जोडलं आणि आठ दिवसांच्या नोंदींची रेघ पडद्यावर उमटली. ती पाहतच राहिली.

“बाबा, हा काय कंगवा आहे? रात्रभर आकडा पाचशे, अगदी सपाट. सकाळी सात वाजले की दात सुरू. दर अर्ध्या तासाला एक. दहा मिनिटांत पुन्हा खाली. दर अर्ध्या तासाला तुम्ही करता तरी काय?”

“काही नाही. डबी बघतो.”

“कशी बघता? दाखवा बरं.”

आजोबा वाकले. नाक लावलं. वाचलं. सुस्कारा सोडला.

पाच मिनिटांच्या आत मी एकोणीसशे दाखवले.

आधी आजीला हसू फुटलं. हसता हसता ती पलंगावरच बसली. “खोली कसली वाईट! हे स्वतःचाच श्वास मोजतायत आठ दिवस!”

आजोबांचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्या श्वासात इतकं... मग भिंगरीजवळ मी श्वास घ्यायचा नाही का?”

“घ्या हो बाबा, भरपूर घ्या,” लेकीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. “फक्त डबीच्या तोंडात सोडू नका.” आणि तिथूनच तिने फोन लावून कळवलं की ती कामाला येते.

भिंगरी येऊन आता दोन महिने झाले. आज दुपारी तिने शेजारच्या तिघींना गोळा करून पलंगावर चादरींचा तंबू ठोकला आणि अशा काही उड्या मारल्या, की अकराशे चाळीस झाले. ती धापा टाकत होती, पण हसून. आजोबांनी येऊन दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. तुम्हीही उघडत जा. माझं एवढंच मागणं आहे.

मी बोलायला बसलो त्याला कारण आहे. माझ्या पोटात जागा मोजकी आहे. ती भरली की सगळ्यात जुन्या नोंदी पुसून नव्या त्यांच्या जागी बसतात. उद्या-परवा तो कंगवा पुसला जाईल. एक म्हातारा माणूस दिवसातून तीस वेळा वाकून नातीसाठी सुस्कारे सोडत होता, याचा माझ्याकडे काही पुरावा उरणार नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं. त्या जागेवर आता भिंगरीच्या उड्या बसतील. बसू देत.