उधन्यात घडलेला तिसरा गिअर

किकुभाई देसाई जाऊन चौदा महिने झाले, तेव्हा शहाण्णवच्या मार्चात त्यांच्या पत्नी इलाबेननी त्यांची गाडी विकून टाकायचे ठरवले आणि माझ्या वडिलांना निरोप धाडला. मीही बरोबर गेले. काही लिहून द्यायचे होते, आणि वडिलांचे अक्षर सहीच्या पुढे जात नसे.

गाडी म्हणजे एमजी. लाल, दोन माणसांची, वडिलांपेक्षा वयाने थोडीच लहान. किकुभाईंचा रंगाईचा कारखाना होता, पण ते स्वतःची ओळख कारखान्याने करून देत नसत. मद्रासजवळच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यती होत, तिथे ते वर्षातून एकदा ही गाडी पळवत. नऊ वर्षांत एकदाच तिसरे आले, एरवी चौथे. "चौथा नंबर म्हणजे आपला कायमचा पत्ता," असे ते सांगत. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते पहिल्या आलेल्यांच्या छायाचित्रांत मला कधी दिसले नाही.

वडील, शालिग्राम, सुरतेच्या उधना भागातल्या एका वर्कशॉपात मागांचे सुटे भाग कातत. अडुसष्ट साली ऐन शर्यतीच्या तोंडावर गाडीच्या तिसऱ्या गिअरचे दाते तुटले. विलायतेहून चाक मागवायला परवाना लागे, आणि परवान्याला वर्ष. वडिलांनी एका मोडक्या मागाच्या शाफ्टचे पोलाद घेतले, चाक लेथवर कातले आणि त्याचे दाते अकरा दिवस कानशीने घासले. गिअर बसला. त्यानंतर चाकांचे बुश झिजले, दाराची लाकडी चौकट कुजली, एकेक वस्तू थकत गेली. आणि पंचवीस वर्षांत त्या गाडीतल्या एकोणीस वस्तू वडिलांच्या हातच्या झाल्या. किकुभाई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बॉनेट उघडून सांगत, "तिसरा गिअर उधन्यात जन्मला. शालिग्रामने घडवला." या शहरात वडिलांचे नाव त्या एका तोंडाखेरीज कुठे उच्चारले गेले असेल, असे वाटत नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या त्या सप्टेंबरात, सुरत रिकामी होत असताना, आईला नुसता ताप होता. पण तापाच्या माणसाला रिक्षावालेही घेईनात. किकुभाई ही गाडी घेऊन बमरोलीच्या आमच्या गल्लीत आले, आईला शेजारी बसवले आणि नवापूरला तिच्या माहेरी पोचवून परतले. आई अजून सांगते, "इतला हळू चालाडे तो माणूस, बैलगाडी पुढे निंघी गयी." चार महिन्यांनी ते गेले.

गाडी घ्यायला आलेले गोंधळेकर पुण्याचे होते. पांढरे हातमोजे घालून त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"कुठले तुम्ही, मिस्त्री?"

"धरणगाव."

"अरे वा, म्हणजे आपलेच!" ते मोकळे हसले. "हे पाहा, किंमत ठरली ती ठरली, त्यात एक पैसा इकडचा तिकडे होणार नाही. मला फक्त खरं सांगा, काय काय बदललंय. माझ्याकडे सत्तावीस गाड्या आहेत, आणि एकीतही परका स्क्रू नाही. देशी बनावटीचं जे असेल ते काढून मी भंगारात देतो. अस्सल भागांची पेटी तयार आहे."

"आणि जे ओरिजिनल असेल ते?" वडिलांनी विचारले.

"त्याला हात लावत नाही. माझ्यामागेही कुणी लावणार नाही, तशी व्यवस्था करून ठेवलीय."

वडिलांनी मान हलवली आणि पाणी प्यायला म्हणून मागच्या नळावर गेले. मीही गेले.

"लिखी टाक, माय," ते हळूच म्हणाले. "बठ्ठं ओरिजिनल शे."

"खोटं कसाले लिखू? तुमनं काम शे ते. एकोणीस वस्तू शेतीस."

"खरं लिखं तर एकोणीस वस्तू भंगारमा." त्यांनी नळ बंद केला. "खोटं लिखं तर मी एकलाच."

मराठी घेऊन एम. ए. करत होते मी; पिशवीतून पेन काढून त्याचे टोपण उघडले. उन्हाने पांढऱ्या पडलेल्या त्या अंगणात वडील मला एकाएकी फार जुने वाटले, कुठलाच भाग आता बदलता येणार नाही इतके जुने.

आम्ही परत आलो. मी कागद घेतला आणि वडिलांच्या नावाने लिहिले की या वाहनाची देखभाल मी सत्तावीस वर्षे केली असून त्याचे सर्व भाग मूळचे आहेत. गोंधळेकरांनी ते मोठ्याने वाचले. चहा घेऊन आलेल्या इलाबेन दारातच थांबल्या.

"पण शालिग्रामभाई," त्या म्हणाल्या, "ए तो बधाने केहता, तीजो गिअर तमे बनाव्यो."

गोंधळेकरांची मान वर झाली.

"पच्चीस वरस केहता हता," इलाबेन म्हणाल्या. "खोटुं केहता?"

वडिलांनी पेन हातात घेतले होते. ते तसेच धरून ते हसले. लग्नकार्यात अनोळखी माणसाकडे पाहून हसावे तसे.

"साहेब मस्करी करायचे, बेन. विलायती गाडीचा गिअर उधन्यात होतो होय?"

"तेच म्हणतो मी!" गोंधळेकर खळखळून हसले. "अहो, हे दाते पाडायला तिकडे कारखाने लागतात. इथे कोण करणार?"

"कोण करणार, साहेब," वडील म्हणाले, आणि त्यांनी सही केली. शा, लि, ग्रा, म. प्रत्येक अक्षर वेगळे, घासून घासून बसवल्यासारखे.

इलाबेन हसल्या नाहीत. आम्ही चहा प्यायल्यावर त्यांनी कप गोळा केले आणि त्या आत निघून गेल्या.

उधना दरवाज्यापर्यंत आम्ही चालत आलो. टेंपोंची रांग, जळक्या डिझेलचा वास, कापडाचे गठ्ठे वाहणारी माणसे. वडील मधेच थांबले.

"किकुसाहेबले वाईट वाटी का व, माय? मी त्यासले खोटं पाडं."

"नही, दादा," मी म्हणाले. "त्यासले कळी."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"तूबी शिकी गयी आते," ते म्हणाले, आणि बमरोलीच्या टेंपोला हात केला.